खाऱ्या वाऱ्यातील अँटेना

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणी मच्छीमार नौकेवरील व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेचा, रेडिओ संकटकाळी 156.8 मेगाहर्ट्झवरील 16 क्रमांकाच्या वाहिनीवर हाक देतो. केंद्र सरकारचा परवाना घेतलेले हौशी रेडिओचालक, ज्यांना हॅम म्हणतात, जवळच्याच 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, त्यामुळे दोघांच्या अँटेनांची दुखणी सारखीच असतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने संचाच्या ताकदीपेक्षा अँटेनेची उंची अधिक मोलाची ठरते. मात्र जोडणीत खारे पाणी शिरले, की केबलमधील तांब्याच्या जाळीवर हिरवट थर चढतो आणि संच सुरू दिसत असूनही हाक क्षीण होते. म्हणूनच पावसाळी मासेमारीबंदीत जोडण्या उघडून, स्वच्छ करून, त्यांवर जलरोधक पट्टी नव्याने गुंडाळणे अत्यंत निकडीचे असते.