दिवा आणि डिमर : जोडी जुळावी

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, सराफा भागांतील जुन्या घरांत पूर्वी 60 वा 100 वॅटचे पिवळे बल्ब असत. डिमरही त्याच भाराचे. तेथे 9 वॅटचा साधा एलईडी लावल्यास तो लुकलुकतो, प्रसंगी निकामी होतो. दोष बहुधा दिव्याचा नसून जोडीचा असतो. जुना डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापतो. साध्या एलईडीतील ड्रायव्हरला हा तुटक पुरवठा पेलत नाही.

म्हणून वेष्टनावर ‘डिमेबल’ हा शब्द पाहावा आणि डिमरचा किमान भार तपासावा. तो 40 वॅट असेल, तर 9 वॅटचे चार दिवे अपुरे पडतात, पाच पुरतात. पंख्याचा रेग्युलेटर दिव्यांसाठी वापरू नये. प्रथम एकच जोडी आणून ती पूर्ण मंद करून पाहावी. नमुना पारखूनच माल घ्यावा, हा पेढीवरचा नियम घरातही हिताचा आहे.