‘म्हणजे नक्की काय करता?’

दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं आणि ‘एम्प्लॉयमेंटला नाव घालायचं’, हे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं केलेलं आहे. कार्यालयाच्या कपाटात राहायचं ते एक्स-१ कार्ड. उमेदवाराच्या हाती पडायचं ते एक्स-१०, आणि घरोघरी त्यालाच ‘एम्प्लॉयमेंट कार्ड’ म्हणत. नूतनीकरणाची तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, म्हणून ते रेशनकार्डाइतकंच जपलं जायचं. पुढे ‘कॉल’ आला असं सांगणारे थोडे, वाट पाहिली असं सांगणारे फार. सेवायोजन कार्यालयाचं नाव आज ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असं लांबलचक झालं आहे. संपादकांचा प्रश्न मात्र साधा होता: हातची नोकरी गेलेल्या माणसानं आज तिथे जावं का? त्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका केंद्रात जाऊन बसत गेलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतून मोकळ्या होणाऱ्या कामगारांना नागरी कामाला लावायचं होतं. त्यासाठी जुलै १९४५मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झालं. फाळणीनंतर निर्वासितांचा भार याच कार्यालयांवर आला आणि १९४८च्या सुरुवातीला ती सगळ्यांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६पासून रोजचा कारभार राज्यांकडे गेला. रिक्त पदं या कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा कायदा १९५९चा. तो लागू झाला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं त्याच दिवशी. हा सगळा इतिहास कपाटांचा, कार्डांचा आणि तक्त्यांचा आहे. मला गुंतवून ठेवलं ते खिडकीपलीकडच्या एका बाईंनी.

त्या ज्येष्ठ लिपिक आहेत, निवृत्तीला आलेल्या. नोकरीला लागल्या तेव्हा कार्डं हातानं लिहीत, आता संगणकासमोर बसतात. त्यांचं नाव त्यांना छापून नको आहे. समोरचा माणूस बसला की त्या आधी की-बोर्ड बाजूला सारतात. पोर्टलवरचा अर्ज नाव, आधार, शिक्षण अशा क्रमानं जातो. बाईंचा क्रम उलटा. त्या कामापासून सुरुवात करतात.

एका सकाळी चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. कंपनीनं त्यांची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली होती आणि हिशेब करून त्यांना घरी पाठवलं होतं.

“काय काम करत होता, दादा?”

“कंपनीत होतो.”

“कंपनीत म्हणजे नक्की काय?”

“मशीन शॉपला. ऑपरेटर. व्हीएमसीवर.”

“सेटिंगला वेगळा माणूस होता?”

“पहिल्या पाळीला असायचा. रात्री मीच करायचो.”

“ऑफसेट तुम्हीच द्यायचा? टूल तुटलं तर?”

“मीच बदलणार की. रात्री कोण येणार, मॅडम?”

“ड्रॉइंग वाचता येतं?”

या प्रश्नाचं त्यांना थोडं नवलच वाटलं. “त्याशिवाय जॉब लावणार कसा?”

“मग ऑपरेटर का सांगता? तुम्ही सेटर आहात.”

“अपॉइंटमेंट लेटरवर ऑपरेटरच होतं.”

व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकनियंत्रित मशीन; ते चालवतो तो ऑपरेटर, कामासाठी लावून देतो तो सेटर. बाईंनी ‘सेटर-ऑपरेटर’ लिहिलं. मापनाची कोणती साधनं वापरता, कंट्रोल कोणता होता, प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते की फक्त चालवता येतो, हे सगळं विचारून अर्ध्या तासात त्यांनी त्या माणसाच्या सतरा-अठरा वर्षांचा एक पानाचा बायोडाटा बनवला. एक्सपिरियन्स लेटर मिळालं नव्हतं. बाई म्हणाल्या, पीएफच्या खात्यात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे होता हे दिसतं, त्याची प्रत काढून जोडा. मी हे पाहत होतो, आणि माणूस खुर्चीत हळूहळू ताठ बसू लागला तेही पाहत होतो.

हे करायला प्रेमळ स्वभावाबरोबर त्या कामाचं ज्ञानही लागतं. बाईंच्या टेबलाच्या खणात ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणा’चे काही जुने खंड आहेत. देशातल्या प्रत्येक धंद्याला आकडा देणारं हे वर्गीकरण पहिल्यांदा १९५८मध्ये आलं. मग १९६८, २००४ आणि २०१५ला ते नव्यानं मांडलं गेलं. २०१५च्या आवृत्तीत सुमारे ३,६०० व्यवसाय आहेत, प्रत्येकाला आठ अंकी संकेतांक आहे आणि त्यातले पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. वेल्डर ७२१२, मोटर मेकॅनिक ७२३१, स्वयंपाकी ५१२०, कार-टॅक्सीचा चालक ८३२२. कार्डांच्या काळात कपाटाचे खण अशाच आकड्यांनी लावलेले असत. कारखान्याकडून मागणी आली की त्या आकड्याचा खण उघडायचा. चुकीच्या खणात पडलेलं कार्ड हरवल्यातच जमा. संगणक आला म्हणून हे बदललेलं नाही. मागणी आणि माणूस यांची गाठ आजही संकेतांकावरच पडते आणि आकडा चुकला तर यंत्र तक्रार करत नाही, नाव पुढे येत नाही एवढंच.

आकडा कसा चुकतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण शिवणकामाचं. ७५३१ हा आकडा शिंप्यांचा: माप घेणं, बेतणं, कापणं, शिवणं, अंगाला बसवून देणं. ८१५३ हा शिलाई मशीन चालवणाऱ्यांचा, कापून आलेले भाग जोडणाऱ्यांचा. एक महिला लहान मुलीला घेऊन आल्या होत्या. “काय करता?” यावर त्यांचं उत्तर होतं, “काही नाही, घरीच असते.” नोंदणी मुलीच्या वडिलांच्या आग्रहावरून चालली होती. बाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, “शिवता का, ताई?” शिवत होत्या, बारा वर्षं. “ब्लाउजचं कटिंग कोण करतं?” “मीच.” “प्रिन्सेस कट, कटोरी?” “दोन्ही येतं. लग्नसराईत झोपायला मिळत नाही.” फॉल-पिको बाहेर देता की घरी करता, ओव्हरलॉक मशीन आहे का, हाताखाली कोणी आहे का, असे प्रश्न होत गेले. ‘काही नाही’पासून सुरू झालेली नोंद ७५३१वर येऊन थांबली, आणि हाताखाली दोन मुलींना शिकवलं आहे हेही तीत लिहिलं गेलं.

घरकामाच्या आड दडलेलं कौशल्य आणि नियुक्तिपत्राच्या आड दडलेलं कौशल्य, दोन्ही ओळखायला समोर माणूस लागतो. अर्जातली यादी उघडून ‘टेलर’ किंवा ‘ऑपरेटर’ निवडणं कोणालाही जमतं. आपण कोण आहोत हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही, विशेषतः नोकरी गेल्यावर. त्या दिवसांत माणूस स्वतःला कमी करून सांगतो. या टेबलाशी ते कमी केलेलं परत मोजून घेतलं जातं. या संस्थेची खरी किंमत मला या अर्ध्या तासात दिसली.

आणि हे फुकट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८च्या ८८ क्रमांकाच्या करारानुसार सरकारी रोजगार सेवा विनामूल्यच हवी, आणि भारतानं तो करार १९५९मध्ये मान्य केला. नोंदणीसाठी, मेळाव्यासाठी, समुपदेशनासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो माणूस केंद्राचा नाही. २० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’वर आणि राज्याच्या ‘महास्वयम्’वर घरबसल्या नाव नोंदवता येतं. अडलं तर १५१४ या क्रमांकावर फोन करता येतो. पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावे जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात आणि तिथे एका छताखाली बऱ्याच कंपन्यांचे लोक भेटतात. माझा सल्ला विचाराल तर नोंदणी घरून करा, पण नंतर एकदा केंद्रात जाऊन टेबलासमोर बसा. आपला व्यवसाय कोणता निवडला गेला आहे ते बघा. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो आधी दुरुस्त करा, नाहीतर ओटीपी एकीकडे आणि मुलाखतीचा निरोप तिसरीकडे जाईल.

आता अडचणींकडे यायला हवं. त्या मोठ्या आहेत.

पहिली कायद्यातच आहे. १९५९च्या कायद्यानं सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापना यांना रिकाम्या जागा कळवायला लावलं. पण कळवलेली जागा त्याच कार्यालयाच्या उमेदवारातून भरण्याची सक्ती केली नाही. कळवलं नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला १,००० रुपयांपर्यंत. महिना ६० रुपयांहून कमी पगाराची जागा कळवायची गरज नाही, अशीही सूट त्यात होती. त्या तरतुदीवरून कायदा कोणत्या काळचा ते समजतं. अशा दंडाला कोणता कारखानदार घाबरणार? सर्वोच्च न्यायालयानंही १९८७मध्ये हा कायदा भरतीची सक्ती करत नाही हे स्पष्ट केलं. १९९६मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की कार्यालयाकडून नावं मागवण्याबरोबर वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी, म्हणजे कार्ड नसलेल्यालाही संधी मिळेल. निकाल न्याय्य होता. पण ज्येष्ठतेच्या ज्या रांगेवर घराघरांतली कार्डं जपली गेली होती, त्या रांगेचा अर्थ तिथून ओसरत गेला. आज सरळसेवेच्या परीक्षा होतात, गुणवत्ता यादी लागते. कार्ड घेऊन ‘माझा नंबर कधी?’ असं विचारणारे वयस्क लोक अजून येतात. बाई त्यांना खुर्ची देतात, पाणी देतात आणि खरं ते सांगतात. पदवीधर अंशकालीन म्हणून सरकारी कार्यालयांत तुटपुंज्या मानधनावर राबलेले लोकही प्रमाणपत्राची प्रत घेऊन येतात. त्यांच्यासाठी समांतर आरक्षण आहे, पण जागा निघेपर्यंत वय थांबत नाही.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं जुना कायदा गिळला. नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली. तिच्यात कार्यालयाचं नाव ‘करिअर सेंटर’ आहे, खासगी आस्थापनांची मर्यादा २५वरून २०वर आली आहे आणि मार्गदर्शन, स्वयंरोजगाराची माहिती ही कामंही केंद्राच्या व्याख्येत आली आहेत. हे चांगलं आहे. पण केंद्राकडून माणूस घ्यायलाच हवा असं बंधन याही कायद्यात नाही, तसं त्यात स्पष्टच म्हटलं आहे.

दुसरी अडचण अशी की नोकरी गेलेला माणूस इथे यावाच असं त्याला ओढणारं काही नाही. जर्मनीसारख्या देशात बेकारी भत्ता रोजगार कार्यालयातूनच सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीलाच माणूस समुपदेशकासमोर बसतो. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) विमाधारकांसाठी २०१८पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. पण तो अर्ज ईएसआयकडे करायचा, रोजगार केंद्राशी त्याचा संबंध नाही. आणि महिना २१ हजारांवरच्या पगाराला ईएसआयच लागू नाही, त्यामुळे आमच्या व्हीएमसीवाल्या दादांना तेही दार बंद होतं. माणूस केंद्रात पोचतो तो पीएफचे पैसे संपत आल्यावर, म्हणजे घाईत, म्हणजे मिळेल ते काम घ्यायच्या तयारीत.

तिसरी अडचण मेळाव्यांत दिसते. टेबलं भरपूर, पण बरीच शिकाऊ उमेदवारांसाठी किंवा कंत्राटदाराच्या हजेरीवरची. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं. पण वयोमर्यादा १८ ते ३५. पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी बरंच काही उभं राहिलं आहे. दुसरी नोकरी शोधणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या माणसासाठी काय आहे, असं विचारलं की उत्तर फिरून त्या खिडकीशीच येतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच खिडकीची. केंद्राच्या मासिक अहवालात नोंदणी किती, अधिसूचित पदं किती, नियुक्त्या किती हे भरायचं असतं. ‘ऑपरेटर’चा सेटर झाला हे कुठे भरणार? बाई पुढच्या वर्षी जातील. त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगा करारावर रुजू झाला आहे. हुशार आहे आणि पोर्टल त्याला बाईंपेक्षा दसपट चांगलं येतं. कार्यशाळेत मशीन कसं चालतं हे त्यानं पाहिलेलं नाही. बाई तरुण असताना त्यांना साहेब महिन्यातून दोनदा एमआयडीसीत धाडत, कारखान्यात उभं राहून काम बघायला. या मुलाला तसं धाडायला ना आदेश आहे ना प्रवासभत्ता. बाईंनी स्वतःच्या ओळखीवर त्याला एका गारमेंट युनिटमध्ये नेऊन आणलं. मशीन शॉप अजून राहिलं आहे.

दादांचं पुढे असं झालं. बायोडाटा एका कंपनीकडे गेला, पण तिच्या जाहिरातीत वय ३५पर्यंत होतं. बाईंनी एचआरला फोन करून सांगितलं की माणूस रात्रपाळीत एकट्यानं सेटिंग करत आला आहे, एकदा ट्रायल तर घ्या. ट्रायल झाली, जॉब मापात उतरला. देऊ केलेला पगार आधीपेक्षा बराच कमी आहे, वर तो कंत्राटदारामार्फत मिळणार. दादा विचारायला परत आले तेव्हा बाईंनी त्यांना दोन गोष्टी लेखी मागून घ्यायला सांगितल्या: पदनाम ‘सेटर’ असं हवं आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून कापला गेला पाहिजे. पीएफचं कंत्राटदारानं मान्य केलं आहे. पदनामावर अजून बोलणं चालू आहे.