वनपुनर्जननाची पाहणी : क्षेत्रविभागणीचे तत्त्व

वनातील जून वृक्षांची गणती करणे सोपे. त्यांच्या जागी पुढे कोणते वृक्ष उभे राहणार, हे ठरविणे अवघड. एका हेक्टरात पाच हजार रोपटी आढळली, तरी ती सर्व ओढ्याकाठच्या चार गुंठ्यांत दाटलेली असल्यास उरलेले क्षेत्र रिकामेच राहते. म्हणून पुनर्जननाच्या पाहणीत रोपट्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या विखुरणीला अधिक महत्त्व द्यावे लागते.

यासाठी रोपयुक्त चौरसांची पद्धती उपयोगी पडते. दोन मीटर बाजूच्या चौरसात इष्ट जातीचे एक तरी सुदृढ रोपटे असल्यास तो ‘भरलेला’, नसल्यास ‘रिकामा’ समजावा. एकाच चौरसात वीस रोपटी असली तरी नोंद एकच.

परंतु चौरस कोठे आखावयाचे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. वनखात्याचे कक्ष हे व्यवस्थेच्या सोयीसाठी पाडलेले असतात. डोंगरधार आणि नाला यांमध्ये सामावलेल्या एकाच कक्षात उथळ मुरमाड माथा व खोल मातीचा तळ दोन्ही येऊ शकतात. मेळघाटासारख्या डोंगराळ सागवनात तर हा भेद पावलोपावली जाणवतो. सागाच्या रोपट्यास भरपूर प्रकाश लागतो. दाट बांबूखाली ते तग धरीत नाही. म्हणून उतार, मातीची खोली, छत्राची घनता व पूर्वीची तोड किंवा वणवा पाहून क्षेत्राचे सजातीय स्तर पाडणे अवश्य ठरते.

समजा, ४०० हेक्टरांपैकी ३०० हेक्टर बांबूने दाटलेले आणि १०० हेक्टर मोकळ्या छत्राचे आहे. प्रत्येक स्तरात १०० चौरस तपासले असता पहिल्यात २० व दुसऱ्यात ८० भरलेले आढळले. सरळ सरासरी ५० टक्के येते. क्षेत्रफळाचा भार दिल्यास ती ३५ टक्केच ठरते. पहिल्या आकड्यावर विसंबणारा अधिकारी वन आपोआप सावरेल असे मानील. आणि बांबूखालचे तीन चतुर्थांश क्षेत्र साहाय्याविना राहील.

स्तर निश्चित झाल्यावर समांतर रेषा आखाव्यात. त्या नाल्याला समांतर नसून त्याला छेदून जाणाऱ्या असाव्यात, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतची सर्व स्थित्यंतरे नोंदली जातात. रेषांत १०० मीटर व चौरसांत २० मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी पाच चौरस पडतात. म्हणजे प्रत्यक्ष तपासणी ०.२ टक्के क्षेत्राची होते. लहान स्तरात हे अंतर कमी करावे, अन्यथा निष्कर्षास पुरेसे चौरस मिळणार नाहीत.

पाहणीसाठी पावसाळा संपल्यानंतरचा, पानगळ व वणवे यांपूर्वीचा काळ सोयीचा होय. तथापि त्या वर्षी उगवलेली रोपटी स्वतंत्र नोंदवावीत, कारण त्यांतील पुष्कळ पुढील उन्हाळ्यात मरतात. उलट, वणव्यात शेंडा जळूनही मुळापासून पुन्हा फुटणारे खुरटे रोपटे उंचीने लहान दिसले तरी त्याची मुळे अनेक वर्षांची असू शकतात.

तात्पर्य, पाहणीची विश्वसनीयता चौरस मोजण्यापूर्वीच, नकाशावर स्तरांच्या सीमा ओढताना ठरत असते.