बर्फातली ट्यूब

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आधीच थोडं सोडियम सायट्रेट असतं. त्यात रक्त अगदी खुणेपर्यंत भरायचं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त कमी पडलं तर ते गोठायला जास्त वेळ लागतो, असं मशीन खोटंच सांगतं. सराईत टेक्निशियन अशी अर्धवट ट्यूब सरळ बाजूला काढते. पेशंटला पुन्हा टोचावं लागलं तरी बेहत्तर.

आजची ट्यूब वरच्या वॉर्डातल्या, आठवड्यापूर्वी बाळंत झालेल्या तरुणीची आहे. डोकं असह्य दुखत होतं, मग फिट आली. एमआर व्हेनोग्राममध्ये मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर बंद दिसते. गरोदरपणात रक्त गोठवणारे घटक वाढतातच. त्यात बाळंतिणीला पाणी बेतानेच देण्याची घातक पद्धत काही घरांत अजून आहे.

तिची दुसरी, जांभळ्या झाकणाची ट्यूब होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लासाठी. ती लगेच बर्फात जाते आणि तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये. रक्त शरीराबाहेर आलं तरी लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, त्यामुळे टेबलावर विसरलेल्या ट्यूबमध्ये निरोगी माणसाचा आकडाही फुगतो. साधारण 15 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेला की तो जास्त धरतात.

आपल्याकडे हा आकडा बऱ्याचदा ‘बी-12’च्या कमतरतेने चढतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी आणि 58 टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त निघालं. त्या सगळ्यांना गुठळ्या होतात असं मुळीच नाही. पण बाळंतपण, कोरडं पडलेलं शरीर आणि हा आकडा एकत्र आले, की धोका वाढतो.

उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबत नाहीत. गुठळी वाढू न देणारं हेपरिन लगेच सुरू होतं, तुंबलेल्या शिरेमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला तरीही. नातेवाईक हादरतात, आणि ते साहजिक आहे. तेव्हा त्यांना शांतपणे बसवून सांगायला हवं, की रक्त फुटलं ते वाट बंद झाल्यामुळे.

रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रोटीन एसची तपासणी आत्ता करून उपयोग नसतो. गरोदरपणात ते कमी होतं, पुढे गुठळीसाठीच दिल्या जाणाऱ्या वॉरफरिननेही उतरतं. त्यासाठी काही महिन्यांनंतरची तारीख पडते. मात्र इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी हिला द्यायची नाही, हे डिस्चार्ज कार्डावर आजच ठळक लिहिलं पाहिजे.