भिंतीवरील पिंपळ

'बोन्साय' या जपानी शब्दाचा अर्थ 'उथळ कुंडीतील लागवड' असा आहे. डोंगरकपारीत वारा आणि मातीचा तुटवडा सोसून खुजी राहिलेली जुनी झाडे आणून त्यांची बोन्साय करण्याची प्रथा जपानमध्ये होती. अशा झाडांना तेथे 'यामादोरी', म्हणजे 'डोंगरावरून आणलेली', असे म्हणतात. मात्र या हव्यासापायी तेथील कड्यांवरील जुनी जुनिपर झाडे दुर्मीळ झाली.

आपल्याकडे अभयारण्यातून परवान्याविना झाड उपटून नेणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय, बोन्सायसाठी रानात जाण्याचे कारणही नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून वड, पिंपळ व उंबर जुन्या भिंतींच्या फटींत रुजतात. त्यांची मुळे भिंतीला तडे पाडतात. म्हणून ही झाडे आज ना उद्या तोडलीच जातात.

घरमालकाची परवानगी घेऊन असे झाड पावसाळ्याच्या आरंभी काढावे. ते ओढून काढू नये. सभोवतालचा चुना व विटा सावकाश सैल करून बारीक मुळे जपावीत. मुळे कमी झाल्याने सर्व पानांना पुरेसे पाणी मिळत नाही. म्हणून बरीचशी पाने छाटावीत. पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत झाड लावून ते सावलीत ठेवावे. उथळ कुंडीत हलविण्यापूर्वी निदान एक वर्ष त्याला स्थिरावू द्यावे.

अशा रीतीने तोडले जाणारे झाड जगते, भिंतही वाचते आणि रानातील झाड रानातच राहते.