दोन मुठींतलं इंदूर

2011 च्या जनगणनेत इंदूर महापालिकेच्या हद्दीत सुमारे 20 लाख माणसं मोजली गेली. माणसाच्या दोन किडन्यांत रक्त गाळणारे जे सूक्ष्म नेफ्रॉन असतात, त्यांची सरासरी बेरीजही 20 लाखांच्या आसपास भरते. कुणाला निसर्गाने कमी दिलेले असतात, कुणाला पुष्कळ जास्त. पण हिशेबाला एका किडनीत 10 लाख धरायची पद्धत आहे. म्हणजे राजवाड्यापासून विजयनगरपर्यंतच्या प्रत्येक माणसामागे एक नेफ्रॉन. हे सगळं शहर दोन मुठींत मावतं आणि त्याचं वजन जेमतेम 300 ग्रॅम.

आता पाणी बघा. निरोगी किडन्या दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात. 20 लाख माणसांच्या किडन्यांचं एका दिवसाचं काम म्हणजे 36 कोटी लिटर. नर्मदेच्या पाण्याचा तिसरा टप्पा इंदूरसाठी बांधला, त्याची रोजची क्षमताही 36 कोटी लिटर! हा गुणाकार मी दोनदा करून पाहिला. नर्मदेचं पाणी 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्याचा चढ चढत सुमारे 70 किलोमीटरवरून इंदुरात येतं. एका नेफ्रॉनची नळी साधारण चार सेंटीमीटर धरली, तर तुमच्या-माझ्या पोटातल्या अशा नळ्या एकापुढे एक जोडून 80 किलोमीटर होतात. जलूद मागे टाकून वर उरेल एवढी लांबी.

एका नेफ्रॉनच्या वाट्याला दिवसभरात येतात मात्र दोनच थेंब, तेही पुरते नाहीत.

या 180 लिटरांतले सुमारे 178.5 लिटर किडनी परत रक्तात घेते आणि दीडेक लिटर लघवी बाहेर सोडते. गाळलेल्या द्रवाबरोबर रोज जवळजवळ दीड किलो मीठ खाली उतरतं, आणि ते बहुतेक सगळं वेचून परत आणावं लागतं. साखर 180 ग्रॅम उतरते, तीही सगळी परत. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री उभ्याउभ्या खाल्लेल्या जिलेबीतला कणही निरोगी किडनी फुकट घालवत नाही. गाळण्याचं काम हृदयाच्या दाबावर आपोआप होतं; खर्च येतो तो परत आणण्याचा. इंदूरलाही नर्मदा वाहते म्हणून पैसे पडत नाहीत, ती वर चढवायची म्हणून पडतात. त्या विजेच्या बिलापायीच 2023 मध्ये महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे काढले आणि जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. किडनीचं विजेचं बिल म्हणजे प्राणवायू. शरीराच्या वजनात तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी, पण हृदयाने फेकलेल्या रक्तातला पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, तिच्याकडे जातो. एवढं असूनही तिच्या आतल्या गाभ्यात प्राणवायूचा दाब 10 ते 20 मिलिमीटर इतकाच असतो. धमनीतल्या रक्तात तो 90 च्या पुढे असतो. एवढ्या श्रीमंत पेठेतले आतल्या गल्लीतले कामगार असे हातावर पोट घेऊन जगतात.

सेप्सिस पहिल्यांदा त्यांच्यावर येतो.

सेप्सिस म्हणजे नुसते रक्तात शिरलेले जंतू नव्हेत. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि त्याचे स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात, ते सेप्सिस. सुरुवात न्यूमोनियाने होईल, लघवीच्या इन्फेक्शनने होईल, बाळंतपणानंतर होईल, साध्या गळवाने किंवा जुलाबांनीही होईल. डिसेंबर 2025 च्या अखेरीस, वर्षामागून वर्ष देशात सर्वात स्वच्छ ठरलेल्या याच इंदुरात, भागीरथपुऱ्याच्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. शेकडो माणसं रुग्णालयात गेली, काही घरी परतलीच नाहीत. अशा उलट्या-जुलाबांत किडनीवर दोन बाजूंनी मार असतो: अंगातलं पाणी जातं आणि आतड्यातून जंतू आत शिरू शकतात.

2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2017 या एका वर्षात जगात 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख दगावले, जगातल्या दर पाच मृत्यूंतला एक. भारताचा वाटा सुमारे 1 कोटी 13 लाख रुग्णांचा आणि 29 लाख मृत्यूंचा. मिनिटाला पाचाहून अधिक. वर्षभरात जनगणनेतलं जवळपास दीड इंदूर. आयसीयूत ज्यांच्या किडन्या अचानक बसतात, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांत कारण सेप्सिसच सापडतं.

पूर्वी वाटायचं, बीपी पडला, रक्त कमी पोचलं, म्हणून किडनी मेली. 2000 नंतरच्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग झाले तेव्हा चित्र उलटं निघालं: किडनीकडे जाणारं रक्त कमी नव्हतं, उलट वाढलं होतं, तरी लघवी आटली होती. टाकी भरलेली, पण खालचा व्हॉल्व्ह सताड उघडा, तर वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी चढेल का? गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैलावते, गाळण्यापुरता दाब उरत नाही. आत रक्त पसरतं तेही सारखं नाही. एका गल्लीत पूर, शेजारची कोरडी. मग नळीतल्या पेशी खर्च कमी करायला दुकानाचं शटर ओढून घेतात. सेप्सिसने गेलेल्यांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा फारच थोड्या दिसल्या. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात आशेची गोष्ट हीच वाटते. बंद दुकान पुन्हा उघडता येतं.

पण वेळ किती मिळतो? ई. कोलाय हा जंतू प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीत दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत 21 वेळा, म्हणजे एकाचे 20,97,152. प्रत्येक नेफ्रॉनमागे एक! शरीरात त्याला इतकी मोकळीक मिळत नाही, नाहीतर हे वाचायला कोणी उरलंच नसतं. 2006 मध्ये आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या 2,731 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. बीपी पडल्यावर पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांतले सुमारे 80 टक्के वाचले. पुढच्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याचं प्रमाण सरासरी 7.6 टक्क्यांनी घसरलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ही घसरण इतकी तीव्र दिसली नाही, पण दिशा तीच राहिली.

किडनी वाचवणारं खास औषध? नाही. शोध मात्र भरपूर झाला. कमी मात्रेतलं डोपामिन ‘किडनीसाठी’ म्हणून वर्षानुवर्षं लावलं जायचं. 2000 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 328 रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही. लघवी वाढवणारी इंजेक्शनं लघवी वाढवतात, किडनी वाचवत नाहीत. शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या बाटल्यांनी तर उलट डायलिसिसची गरज वाढवली. साधं सलाईनही वाटतं तितकं साधं नसतं: रक्तात क्लोराइड 100 च्या आसपास, त्या बाटलीत 154. 2018 मध्ये अमेरिकेत 15,802 गंभीर रुग्णांवर तुलना झाली. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीची टिकून राहिलेली इजा, यांतलं काही वाट्याला आलेले सलाईन गटात 15.4 टक्के निघाले आणि रक्ताशी जुळत्या द्रवाच्या गटात 14.3. म्हणजे 91 जणांची बाटली बदलली तर एकाचा फायदा. पुढे ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत मृत्यूंत फरक दिसला नाही, तेव्हा हा वाद अजून मिटलेला नाही.

मग उरतं ते कंटाळवाणं काम. पहिल्या तीन तासांत किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर द्रव, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1,800. त्यापुढे हात आखडता, कारण जास्त पाण्याने किडनी स्वतःच्याच आवरणात सुजते. सरासरी रक्तदाब 65 च्या वर, लागलं तर नॉरअॅड्रिनॅलिनवर. पू असेल तिथून काढायचा. अँटिबायोटिकची मात्रा किडनी बघून. आणि तापात अंग दुखतं म्हणून मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या बंद. या गोळ्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळतात. बाहेर जाणारी सैल, आत येणारी आवळलेली, मग दाब यायचा कुठून?

एवढं करूनही किडनी बसली तर आयसीयूतलं डायलिसिसचं मशीन. शिफारस किलोमागे तासाला 20 ते 25 मिलिलिटर गाळण्याची. 60 किलोच्या माणसासाठी वरच्या टोकाला दिवसाचे 36 लिटर. विजेवर, रात्रंदिवस, शेजारी नर्स बसवून, 180 चा फक्त पाचवा हिस्सा. मशीनचा वेग वाढवला तर जास्त जगतात का, हे 2008 आणि 2009 च्या दोन मोठ्या चाचण्यांत पाहिलं गेलं. नाही जगत.

म्हणून कोटी-लाखांच्या या गोष्टीत आयसीयूतली नर्स ज्या आकड्यावर डोळा ठेवून असते तो अगदी लहान असतो. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर लघवी. 60 किलोच्या माणसाला 30, पोहे खायच्या चमच्याने तीन-चार चमचे. सहा तास त्याच्या खाली राहिलं की किडनीला इजा झाली असं धरतात, रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या आधीच. घरी तर चमचाही लागत नाही. तापाने ग्लानीत असलेली आजी कालपासून किती वेळा लघवीला उठली, एवढं कुणाला तरी आठवलं पाहिजे.

पलंगाला लटकलेल्या पिशवीवरच्या रेघा वाचून नर्स तक्त्यात भरते. रात्री एक: 5. दोन: 5. तीन: 10. चार: 25. पाच: 40.