पैसा लेकीचा, खातं कुणाचं?

रोवणीचे दिवस होते. नवेगाव बांधच्या तलावाकडे जाताना ओळखीची एक बाई भेटली. पाय चिखलाने माखलेले, कडेवर तान्ही लेक. म्हणाली, "ताई, सरकार पोरीले पैसा देते म्हनतात. माहा नवरा म्हनते, खातं माह्या नावानं काढू. तुमाले का वाटते?"

मैत्रिणींनो, नेमका हाच प्रश्न १९४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात गाजला होता. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई मुलांसाठी सरकारी भत्ता मिळावा म्हणून पंचवीसेक वर्षं झगडल्या. कायदा आला, पण मसुद्यात भत्ता बापाच्या नावे! बाईंनी ठणकावलं, असं असेल तर मी विरोधात मत देईन. शेवटी पैसा आईच्या हाती द्यायचं ठरलं. पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. ऑगस्ट १९४६ मध्ये वाटप सुरू झालं, पण ते पाहायला बाई नव्हत्या. जानेवारीतच त्या वारल्या होत्या.

आपल्याकडे सरसकट सगळ्या मुलांना असा भत्ता नाही. १९९७ मध्ये केंद्राची बालिका समृद्धी योजना आली. गरीब घरात मुलगी जन्मली की ५०० रुपये मिळत. २०१६ मध्ये राज्याने 'माझी कन्या भाग्यश्री' आणली आणि २०२३ मध्ये तिच्या जागी 'लेक लाडकी' आली.

ही योजना पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. मुलगी १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेली हवी. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार. एकूण एक लाख एक हजार. मात्र शेवटच्या हप्त्यासाठी मुलीचं लग्न झालेलं नसावं. म्हणजे तिला शाळेत ठेवणं आणि लग्नाची घाई न करणं, हेच या पैशाचं खरं मोल!

आणि खातं? ते आई आणि लेकीचं संयुक्त. बाप आणि लेकीचं संयुक्त खातं निघतं ते आई हयात नसेल तरच.

अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करायचा. पण गाडी अडते ती कागदांपाशी. म्हणून बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. दाखला, आधार आणि रेशनकार्डावर नाव एकसारखं आहे ना, तेही बघा. एकट्या आईच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपयांची तरतूद आहे. त्याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

हे सारं त्या बाईला सांगितलं. ती हसली. "म्हंजे नवऱ्यासंग भांडाची गरजच नाई. सरकारनंच सांगलं!"

लेकीला सावरून ती अंगणवाडीच्या वाटेला लागली. तुमच्या शेजारी अशी कुणी आहे का? तिलाही वाट दाखवाल ना?